घरट्यातला तिसरा

घरट्यांवर कॅमेरे बसले आणि शिकारी पक्ष्यांच्या संसारातली भांडणं घरोघर पोचली. उपऱ्या गरुडाची धाड, सावत्र बाप, भलत्याच जातीचं पिल्लू हे सगळं लोक श्वास रोखून पाहू लागले. पण नर-मादीच्या जोडीत घुसणारा हा तिसरा काही नवा नाही. बंदूक चालवणाऱ्यांना तो दीडशे वर्षांपूर्वीच ठाऊक होता.

त्या काळी ब्रिटनमध्ये जहागिरींचे रखवालदार ससाणे सर्रास टिपत. १८७१ साली ‘द डिसेंट ऑफ मॅन’मध्ये चार्ल्स डार्विनने अशा बऱ्याच हकिकती गोळा केल्या. विणीच्या हंगामात बहिरी ससाण्याच्या जोडीतला एक मारला, तर काही दिवसांतच दुसरा जोडीदार हजर होई आणि पिल्लं वाढायची ती वाढतच. केस्ट्रेल या छोट्या ससाण्याच्या एका घरट्यावर तर एकामागून एक तीन नर मारले गेले. तिसऱ्याच्या अंगावर अजून आदल्या वर्षीचीच पिसं होती, म्हणजे पोरसवदाच म्हणायचा. हे बिनजोडीचे पक्षी येतात कुठून, हा प्रश्न डार्विनलाही पडला होता.

उत्तर आहे जागेच्या टंचाईत. घरट्याला चांगला कडा किंवा उंच झाड आणि भोवती पोटापुरती शिकार, अशा जागा मोजक्याच. वयात येऊनही जागा न मिळालेले पक्षी दुसऱ्यांच्या हद्दींच्या कडेकडेने फिरत राहतात. अभ्यासक त्यांना ‘फ्लोटर’ म्हणतात. कॅमेऱ्यासमोर आपण ज्याला घुसखोर म्हणून शिव्या घालतो, तो बहुधा हाच. फ्लोरिडात फोर्ट मायर्सच्या घरट्यातला ओझी हा बाल्ड ईगल जातीचा नर गरुड २०१५ साली जखमी होऊन उपचारांसाठी गेला, तेवढ्यात त्याच्या जोडीदारणीने, हॅरिएटने, दुसरा नर पत्करला. बरा होऊन सुटलेला ओझी काही महिन्यांत पुन्हा जखमी सापडला आणि मेला.

मधल्या काळात मात्र जागेची वाट पाहणारे हे फ्लोटरच संपत आले होते. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं इतकी पातळ झाली की उबवायला बसलेल्या आईच्या वजनानेच ती फुटत. १९६०च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिसिसिपी नदीच्या पूर्वेला बहिरी ससाण्याची एकही वीण उरली नाही. अमेरिकेत डीडीटीवर बंदी आली १९७२ साली. मग माणसाने परक्या आईबापांचा आधार घेतला. पिंजऱ्यात वाढवलेल्या जोड्यांची पिल्लं रानातल्या घरट्यांत सोडली जाऊ लागली, काही तर प्रेअरी फाल्कन या वेगळ्याच जातीच्या घरट्यांत. कॅलिफोर्नियातल्या कॅटालिना बेटावर १९८९पासून गरुडांची नाजूक अंडी उचलून खोटी ठेवत, आणि पुढे तिथे जिवंत पिल्लू नेऊन सोडत. गरुड ते बिनतक्रार वाढवत. मदतीशिवाय तिथे पिल्लू बाहेर आलं ते २००७ साली.

हे जमतं कारण शिकारी पक्षी घरटं ओळखतात, रक्ताचं नातं नाही. पंख न फुटलेलं पिल्लू चालत दुसऱ्याच्या घरट्यात जात नाही, त्यामुळे ‘हे माझं का?’ हे तपासायची वेळच सहसा येत नाही. आपल्या घरट्यात चोच वासून ओरडणारं ते आपलं, एवढा सरळ हिशेब. २०१७ साली कॅनडातल्या व्हँकूव्हर बेटावरच्या सिडनी गावाजवळ बाल्ड ईगलच्या घरट्यात लाल शेपटीच्या बाजाचं पिल्लू तीन गरुडपिल्लांबरोबर वाढलं. ते बहुधा शिकार म्हणूनच आणलेलं असावं. मरण्याऐवजी त्याने भूक लागल्यासारखी चोच उघडली असणार!

त्याच वर्षी मिसिसिपीकाठी इलिनॉयमधल्या फुल्टनजवळच्या घरट्यावर उपऱ्या गरुडांनी हल्ला चढवला आणि होप ही मादी नाहीशी झाली. त्या घरट्यात आधीपासूनच दोन नर नांदत होते. त्यांतला एक पूर्वी घुसखोर म्हणून आलेला. दोघांनी मिळून होपची दोन्ही पिल्लं वाढवली आणि पुढे स्टार नावाची नवी मादी त्या दोघांच्या घरट्यात येऊन राहिली.