शेवटच्या पाण्यातलं व्हिनेगर

हळदीच्या कार्यक्रमात पांढऱ्या सदऱ्यावर पडलेल्या डागाला साबण लावला की पिवळा डाग एकदम विटकरी लाल होतो आणि पोटात गोळा येतो. त्या लालीवर पांढऱ्या व्हिनेगरचे दोन थेंब सोडून बघा. डोळ्यांदेखत डाग परत पिवळा होतो. गेलेला मात्र नसतो! हळदीतलं कुर्क्युमिन आम्लारीत लाल दिसतं आणि आम्लात पिवळं, एवढंच. त्याचा रेणू मोडायला ऊन लागतं.

व्हिनेगरचा धुण्यातला सगळा उपयोग या दोन थेंबांत दिसतो. व्हिनेगर म्हणजे पाण्यात साधारण ४ ते ५ टक्के ॲसेटिक आम्ल. साबण आणि धुण्याचा सोडा त्याच्या उलट, आम्लारिधर्मी. म्हणून व्हिनेगरची जागा साबणाबरोबर नाही, साबणानंतर आहे. दोन्ही एकत्र घातले तर आम्ल साबणाचंच पुन्हा मेदाम्ल करून टाकतं. फेस बसतो आणि मळ तसाच राहतो. व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र करा, असं हल्ली जो तो सांगतो. फसफसतं खूप, पण तो कार्बन डायऑक्साइड असतो. मागे उरतं सोडियम ॲसिटेटचं पाणी, आणि त्यात ना आम्लाचा जोर उरतो ना सोड्याचा.

आमच्याकडे बोअरचं पाणी आहे. नळाच्या तोंडावर पांढरा थर धरतो, आणि टॉवेल वाळले की पापडासारखे कडक होतात. शाळेत शिकलेलं ‘दुष्फेन पाणी’ ते हेच. त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियमचे क्षार धाग्यांत अडकून बसतात, सोबत न निघालेला सोडाही. कपडे शेवटच्या पाण्यातून काढताना बादलीत अर्धी वाटी व्हिनेगर घातलं की सोडा मारला जातो, कार्बोनेटचे क्षार विरघळतात आणि टॉवेल हाताला मऊ लागतो. वाळताना वासही उडून जातो. मशीनमध्ये मात्र रोज नको, रबराच्या भागांना आम्ल सोसत नाही.

आणि ब्लीचजवळ तर कधीच नको. कपडे पांढरे करायच्या द्रवात सोडियम हायपोक्लोराइट असतं. त्यात आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो आणि बंद न्हाणीघरात तो जिवावर बेतू शकतो.

वासाचं गणितही असंच आहे. मासळीचा वास ट्रायमिथाइल अमाइनचा, बाळाच्या दुपट्यांचा अमोनियाचा. दोन्ही आम्लारी. आम्लाशी गाठ पडली की त्यांचे क्षार होतात, आणि ते हवेत उडत नाहीत. मासे साफ केल्यावर आपण हाताला लिंबू चोळतो, ते याचसाठी. घामट बनियनचा आंबूस वास मात्र बराचसा आम्लांचाच असतो. तिथे व्हिनेगरचं फारसं काही चालत नाही, साबण आणि कडक ऊनच लागतं.