तुरीच्या ओळीआड: गांज्याचा कस कोणी आणि कशासाठी मोजला

दिवाळी सरली आणि तूर डोक्याच्या वर गेली की विदर्भातल्या कुठल्या ना कुठल्या तालुक्यातून ती बातमी येतेच. वावरात तुरीच्या ओळींमध्ये, नाहीतर पऱ्हाटीच्या आडोशाला गांज्याची झाडं सापडली, पोलिसांनी ती उपटली, पंचांसमक्ष वजन केलं, कास्तकाराला अटक झाली. बातमीत झाडांची संख्या असते, किलो असतात आणि 'अंदाजे किंमत' असते. झाडं कशी वाढवली होती, माल कसा होता, याबद्दल चकार शब्द नसतो. असायचं कारणही नाही, पंचनामा ही काही कृषी प्रदर्शनातली पाटी नव्हे.

पण एके काळी हेच प्रश्न सरकार स्वतः विचारत होतं. गांजा पिकवणारे लोक काय करतात, कापणीनंतर माल कसा मुरवतात, कोणाचा माल सरस आणि का, हे पाहायला वनस्पतिशास्त्रज्ञ धाडले जात होते. हल्ली मोबाइलवर परदेशी लागवडवाल्यांची 'प्रोफेशनल' तंत्रं पाहून पोरं ज्या गोष्टींचं नवल करतात, त्यातल्या बऱ्याच गोष्टी त्या जुन्या सरकारी अहवालांत पडून आहेत.

सुरुवात आपल्या उंबरठ्यापासून करू. मेळघाट ओलांडला की निमाड. अकोटहून धूळघाटचा वळसा घेत खंडव्याला जाणारी मीटरगेजची गाडी ज्यांना आठवते त्यांना हे अंतर किती कमी आहे ते सांगायला नको. इंग्रजी अमलात निमाड मध्य प्रांतात होता, नागपूरच्याच कारभाराखाली, आणि खंडव्याच्या आसपास परवान्यावर गांजा पिकत असे. पीक निघालं की सरकारी गोदामात जमा, तिथून ठेकेदाराकडे आणि ठेकेदाराकडून गावोगावच्या दुकानात. मुंबई इलाख्यात हेच काम नगर जिल्ह्यात चाले, थोडं साताऱ्याकडे आणि खानदेशात. १८५३ पासून निजामाकडून इंग्रजांच्या ताब्यात आलेला वऱ्हाड या दोहोंच्या मध्ये बसलेला. माल दोन्हीकडून येण्याजोगा आणि चोरवाटाही दोन्हीकडून.

तेव्हा चिलीम ही गावगाड्यात लपवायची वस्तू नव्हती. महाशिवरात्रीला पचमढीच्या महादेवाला निघालेले यात्रेकरू, बैरागी, गोसावी, रात्रभर राखण करणारे जागले, कितीतरी जणांच्या हातात ती दिसे. शेगावच्या गजानन महाराजांच्या, १८७८ ते १९१० या काळातल्या विभूतीच्या, घरोघरी लागलेल्या तसबिरीत ती आजही आहे. ओढणाऱ्याला गंजेडी म्हणून नावं ठेवत, पण तेवढ्यासाठी फौजदार येत नसे. फौजदार यायचा तो माल परवान्याबाहेरचा निघाला तर.

आता तंत्राकडे. गांज्याच्या लागवडीचा सर्वांत बारकाईने झालेला अभ्यास आपल्याकडचा नाही, बंगालमधल्या नौगावचा आहे. राजशाही, दिनाजपूर आणि बोगरा या जिल्ह्यांच्या सीमा जिथे भिडतात तो पट्टा 'गांजा महाल' म्हणून ओळखला जाई. हेमचंद्र केर यांचा अहवाल १८७७ चा आणि डेव्हिड प्रेन यांचा १८९३ चा. प्रेन हे कलकत्त्याच्या वनस्पती उद्यानातले, पुढे लंडनजवळच्या क्यू उद्यानाचे संचालक झाले. म्हणजे गांज्याच्या वावरात उभा राहून टिपणं घेणारा माणूस त्या काळातल्या पहिल्या फळीतला वनस्पतिशास्त्रज्ञ होता.

त्यांना तिथे जे दिसलं त्यातली एक गोष्ट मला सगळ्यांत लक्षवेधी वाटते, ती म्हणजे पोद्दार. गांज्याच्या झाडात नर वेगळा, मादी वेगळी. पपई लावणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फरक एवढाच की पपईवाला थोडे नर मुद्दाम ठेवतो, इथे एकही चालत नाही. पराग उडाला की मादीला बी धरतं आणि बी धरलं की फुलोऱ्यातली राळ, म्हणजे ज्यासाठी हा खटाटोप तीच, कमी होते. फुलं उमलायच्या आधी, कोवळ्यातच नर ओळखणं हे सगळ्यांना जमणारं काम नव्हतं. त्यासाठी नौगावचा शेतकरी पोद्दाराला मजुरी देऊन बोलवी. तो ओळीओळीतून फिरे, नर मोडून टाकी आणि पुढच्या वावरात जाई. इंग्रज त्याला 'गांजा डॉक्टर' म्हणत. जमीन त्याची नाही, पीक त्याचं नाही, परवाना त्याच्या नावावर नाही, पण सगळ्या हंगामाचा कस त्याच्या नजरेवर.

१९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या लागवडवाल्यांनी हीच बिनबियांची रीत उचलली आणि तिला स्पॅनिश भाषेतलं 'सिन्सेमिया' हे नाव लाभलं. अर्थ अगदी साधा, बीविना. आज तिकडच्या जाणकारांच्या कौशल्याचं कौतुक होतं तेव्हा त्याचा पाया हाच असतो. आधी कोणी केलं याचा अभिमान बाळगावा असं हे पीक आहे का, हा वाद बाजूला ठेवू. तारखा मात्र तारखा आहेत.

कापणीनंतरचं काम म्हणजे मुरवण. नौगावात मालाचे तीन प्रकार निघत. फुलोऱ्याच्या डहाळ्या पायांनी तुडवून दाबलेला तो चपटा. वळून गोल केलेला तो गोल. आणि या सगळ्यात गळून पडलेला भुगा तो चूर. हे निव्वळ आकाराचे भेद नव्हते. चपट्यात काडी जास्त, गोलात कमी, चुरात जवळपास नाही. म्हणून सरकारी कराचे दरही त्याच चढत्या क्रमाने. आपल्याकडे समुद्रपूर तालुक्यातली वायगावची हळद उकळताना जाणता माणूस वास आणि फेस पाहून, हळकुंडात काडी खुपसून सांगतो की झाली का नाही. तसंच तिथलंही ज्ञान हातापायांत आणि नाकात होतं. चिकटपणा किती, रंग कोणता, वास कसा. साहेबाने ते कागदावर आणलं खरं, पण आणताना त्याचं रूपांतर एका प्रश्नात झालं: शेरामागे काडी किती आणि कर किती?

साठवणीचंही तेच. गांजा ठेवला की उतरतो हे व्यापाऱ्यांना आधीपासून ठाऊक होतं, प्रेन यांनी ते तपासलं. बंगालमध्ये जुनाट माल सरकारी देखरेखीखाली जाळून टाकत. त्यामागचं रसायन उलगडायला पुढे बराच काळ लागला. १८९६ मध्ये केंब्रिजच्या तिघा रसायनशास्त्रज्ञांनी भारतीय चरसातून एक द्रव्य काढलं आणि त्याला 'कॅनाबिनॉल' हे नाव दिलं. वनस्पतीचा अर्क हाती लागला असं त्यांना वाटलं. पण कॅनाबिनॉल हे मुख्यतः माल जुना होताना, हवा-उजेड लागून, मूळ नशाद्रव्य झिजून तयार होणारं द्रव्य आहे. ते मूळ द्रव्य, म्हणजे टीएचसी, १९६४ मध्ये इस्राएलमध्ये मेशुलाम आणि गाओनी यांनी शुद्ध स्वरूपात वेगळं केलं. म्हणजे विज्ञानाच्या हाती आधी लागली ती शिळेपणाची खूण. गोदामवाला हे ऐकून हसला असता.

या सगळ्याला अखिल भारतीय रूप आलं ते एका संसदीय प्रश्नामुळे. मार्च १८९३ मध्ये ब्रिटिश संसदेत डब्ल्यू. एस. केन या मद्यपानविरोधी खासदाराने बंगालच्या गांज्याची चौकशी मागितली. त्यातून डब्ल्यू. मॅकवर्थ यंग यांच्या अध्यक्षतेखाली 'इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशन' नेमलं गेलं आणि चौकशीची कक्षा बंगालवरून सगळ्या हिंदुस्थानापर्यंत वाढवली गेली. सदस्यांमध्ये मध्य प्रांतात नोकरी केलेले ए. एच. एल. फ्रेझर होते, कलकत्त्याच्या वैद्यकीय महाविद्यालयातले रसायनशास्त्राचे प्राध्यापक वॉर्डन होते आणि तिघे भारतीय सभासद होते. साक्षीदारांसाठी ७० प्रश्नांची यादी काढली. त्यात लागवड कशी होते, नर झाडं उपटतात का, माल कसा तयार करतात, किती टिकतो, हे सगळं होतं. साक्षीदारांचा आकडा ११९३ वर गेला आणि १८९४ मध्ये जाडजूड सात खंड झाले.

त्या खंडांत विदर्भ शोधायला गेलं तर तो दुभंगलेला सापडतो. नागपूरकडचे साक्षीदार मध्य प्रांताचे म्हणून मद्रासच्या शेजारी आणि वऱ्हाडचे साक्षीदार मुंबई, सिंध, ब्रह्मदेश यांच्या पंगतीत. वर्धा नदीच्या या काठाचा आणि त्या काठाचा माणूस एकाच दुकानातला माल ओढत असेल, पण त्याची साक्ष वेगळ्या पुठ्ठ्यात बांधली गेली. साक्षी देणारे बहुतेक अधिकारी, डॉक्टर, मालगुजार, मिशनरी, वकील. वावरात राबणाऱ्याचा आवाज त्यात विरळाच.

कमिशनचा निष्कर्ष सुधारकांना रुचला नाही. माफक सेवनाने बहुतेकांचं फारसं बिघडत नाही, अतिरेकाने बिघडतं, सरसकट बंदी गरजेचीही नाही आणि शहाणपणाचीही नाही, असं त्यांनी म्हटलं. उपाय सुचवला तो नियंत्रणाचा: लागवड परवान्याने, मोजक्या भागात, माल सरकारी गोदामात आणि कर भरभक्कम. अहवालाला उदारमतवादी म्हणण्याची आज पद्धत आहे. मला त्यात तिजोरीची पावलं जास्त दिसतात. ज्या मालावर कर बसतो तो वेठबिगारासारखा कोंडून ठेवला की गळती थांबते, हे त्यामागचं गणित.

हे स्पष्ट दिसतं ते शेजारी कापूस ठेवून पाहिल्यावर. त्याआधीच, १८६० च्या दशकात, वऱ्हाड-मध्य प्रांतासाठी रिव्हेट-कार्नॅक हे खास कापूस आयुक्त नेमले गेले होते. हिंगणघाटचं बियाणं, अमरावतीच्या नावावरून लिव्हरपूलच्या बाजारात पडलेलं 'उमरा' हे वाण, धाग्याची लांबी, भेसळ, यांवर फाइली चालत. खामगावला रेल्वेचा फाटा आला आणि १८७० मध्ये लॉर्ड मेयो उद्घाटनाला स्वतः हजर राहिले. कापूस हा शेतीचा विषय होता. गांजा त्याच काळ्या मातीत येणारा, पण तो कधी शेतीचा विषय झालाच नाही, तो अबकारीचा राहिला. नौगावच्या शेतकऱ्यांनी निदान १९१७ मध्ये आपली सहकारी संस्था काढली, तिच्या नफ्यातून शाळा आणि दवाखाने चालवले. खंडव्याच्या शेतकऱ्याला वऱ्हाडात आज कोणी ओळखतही नाही.

पुढचा रस्ता कायद्यांचा. १९१५ चा मध्य प्रांत अबकारी कायदा, १९३० चा घातक औषधींचा कायदा. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, निमाड मध्य प्रदेशात राहिला आणि दारूबंदीच्या मुंबईकर शिस्तीचं वारं इकडेही आलं. १९६१ च्या आंतरराष्ट्रीय करारात गांजा कडक यादीत गेला. भारताने पानांची भांग त्यातून बाहेर ठेवली आणि बाकीचं बंद करायला मुदत घेतली. ती मुदत सरत आली तेव्हा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा आला, १४ नोव्हेंबर १९८५ पासून लागू. परवान्याची खाचरं तिथेच बुजली. बेकायदा लागवडीला आता दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. आपल्या जमिनीत असं झाड उगवलंय हे कळूनही न कळवणारा जमीनधारक दोषी ठरू शकतो आणि सरपंचासह गावच्या अधिकाऱ्यांवरही खबर देण्याची जबाबदारी आहे. धुऱ्यावर कोणी लावलं मला ठाऊक नाही, एवढं म्हणून सुटका होईलच असं नाही.

त्याच कायद्याच्या कलम १४ मध्ये तंतू, बियाणं किंवा बागायतीच्या कामासाठी सरकारी परवानगीने लागवडीची वाट ठेवलेली आहे. उत्तराखंडने तिचा उपयोग केला. डिसेंबर २०२० मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाने गांज्याला सर्वांत कडक यादीतून काढलं, २७ विरुद्ध २५ मतांनी, आणि भारताचं मत काढण्याच्या बाजूने पडलं. तेव्हा गावच्या पारावर 'आता मोकळं झालं' अशी आवई उठली. मोकळं काही झालं नाही, देशातला कायदा होता तिथेच आहे. विदर्भात वर्धा आणि गडचिरोलीत दारूबंदी आहे, चंद्रपुरात ती २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. बंदी आणि परवाना यांमधली ही ये-जा आपल्याला नवी नाही, पण गांज्याच्या बाबतीत ती अजून एकाच दिशेची आहे. आणि आज इथे पकडला जाणारा बराचसा माल आपल्या वावरातला नसतोच. ओडिशा-आंध्रच्या डोंगरांतून रेल्वेने, ट्रकने नागपूरमार्गे पुढे जाणारा तो असतो.

परदेशी तंत्राच्या चित्रफिती पाहून भुललेल्याला एक गोष्ट दिसत नाही. कॅनडात २०१८ नंतर किंवा अमेरिकेच्या काही राज्यांत जो 'जाणकार' लागवडवाला कौतुकाला पात्र ठरतो, त्याच्या मालाची बुरशी, कीटकनाशकं, जड धातू, नशाद्रव्याचं प्रमाण हे सगळं प्रयोगशाळा तपासते. कौशल्याचा दावा पडताळायला तिथे कोणीतरी बसलेलं आहे. इथे तसा कोणी नाही. तुरीआडच्या झाडावर काय फवारलं ते चिलीम ओढणाऱ्याला कळत नाही आणि लावणाऱ्याला सांगायचं नसतं. कापसावरचं उरलेलं औषध म्हटलं तरी अंगावर काटा यावा.

कायद्याने गांजा म्हणजे काय हे नेमकं सांगितलं आहे: झाडाचे फुलोऱ्याचे किंवा फळधारणेचे शेंडे. शेंड्यांशिवाय आलेली पानं आणि बी त्यात नाहीत. पंचनाम्यात मात्र पुष्कळदा अख्खं झाड तोललं जातं, मुळं, खोड, पानं आणि कधी चिकटलेल्या मातीसकट. एक किलोपर्यंत अल्प, वीस किलोच्या वर व्यापारी प्रमाण, आणि व्यापारी म्हटलं की जामीन जवळपास अशक्य. म्हणून प्रकरण उभं राहिलं की आरोपीचा वकील तराजूवर बोट ठेवतो. नौगावच्या गोदामात अबकारी कारकून ज्यावरून दर ठरवत होता तोच प्रश्न मग कोर्टात येतो: वजनात काडी धरायची की नाही.