अनट्रू

‘अनट्रू’ हा लंडनचा संगीतकार बरिअल (विल्यम बेव्हन) याचा दुसरा अल्बम. हायपरडब या कंपनीने तो नोव्हेंबर २००७ मध्ये काढला. त्याची गणना डबस्टेपमध्ये (खोल बास आणि तुटक ठेके असलेल्या लंडनच्या नृत्यसंगीतात) होते, पण नाचणाऱ्यांची गर्दी डोळ्यांपुढे ठेवून केलेले हे संगीत नव्हे. नाच आटोपल्यावर एकट्याने घरी परतणाऱ्याचे ते संगीत आहे. पाऊस पडतो आहे, रस्ते ओले आहेत आणि शेवटची बस अजून आलेली नाही, असे दक्षिण लंडन त्यात ऐकू येते.

हा परिणाम साधला आहे अगदी साध्या साधनांनी. बरिअलने ठेके बसवून देणारे सॉफ्टवेअर वापरले नाही. साउंड फोर्ज या ध्वनिसंपादनाच्या प्रोग्रामात लहरींची आकृती पाहत त्याने एकेक ठोका हाताने मांडला. त्यामुळे ठोके काटेकोर जागी पडत नाहीत, किंचित अडखळतात. लंडनच्या क्लबांमधल्या टू-स्टेप गराज या लचकत्या ठेक्यांच्या नृत्यसंगीताचा झोका त्यात ओळखू येतो. पाऊस आणि जुन्या रेकॉर्डची खरखर बहुतेक गीतांच्या मागे चालूच असते. काही आवाज तर व्हिडिओ गेममधून उचललेले आहेत.

अल्बमचा प्राण मात्र गळ्यांत आहे. लोकप्रिय आर-अँड-बी गाण्यांतले तुकडे घेऊन त्यांचा स्वर चढवला-उतरवला आहे. ‘आर्केंजल’मध्ये रे जे या गायकाच्या ‘वन विश’मधल्या ओळी येतात, पण गाणारा पुरुष की स्त्री, हे सांगता येत नाही. शब्द अर्धवट कळतात, भिंतीपलीकडून कुणी बोलावे तसे. ‘इन मॅकडॉनल्ड्स’मध्ये तर ठेकाच नाही, आणि तरीही (किंवा त्यामुळेच) अल्बममधला सर्वांत एकाकी क्षण तोच वाटतो.

बरिअलला जंगल (वेगवान, तुटक ठेक्यांचे नृत्यसंगीत) आणि रेव्ह (रात्रभर चालणाऱ्या नृत्यमेळाव्यांतले) संगीताची ओळख झाली थोरल्या भावांकडून. रेव्हचा भराचा काळ त्याने स्वतः अनुभवला नव्हता. न पाहिलेल्या त्या काळाची हुरहुर इथे जागोजागी आहे. समीक्षक मार्क फिशर यांनी तिच्यावर मन लावून लिहिले.

२००८ मध्ये अल्बमला मर्क्युरी पारितोषिकासाठी (वर्षातल्या उत्कृष्ट अल्बमला ब्रिटनमध्ये दिला जाणारा सन्मान) नामांकन मिळाले. तोवर बरिअल कोण, हे जाहीर नव्हते. वृत्तपत्रांनी शोध चालवला, तेव्हा ऑगस्टमध्ये त्याने स्वतःच नाव सांगितले. पारितोषिक एल्बो या बँडला गेले. पुढे बरिअलची ‘किंड्रेड’ (२०१२), ‘रायव्हल डीलर’ (२०१३), ‘अँटिडॉन’ (२०२२) अशी ईपी (अल्बमपेक्षा छोटी ध्वनिमुद्रिका) स्वरूपातली कामे आली.