लेखाचं मोल ठरवणार कोण? ब्लॉकचेनवरच्या मानधनामागची गोष्ट

बेळगाव-खानापूर-निपाणी पट्ट्यात मराठीत लिहून पैसे मिळतात का, असं विचारलं की लोक आधी हसतात. शाल मिळते, श्रीफळ मिळतं. एखादा दिवाळी अंकवाला मानधन पाठवतोही, पण पुढची दिवाळी तोंडावर आल्यावर. लिहिणाऱ्यांची मात्र इथे कधी वानवा नव्हती. १९४६ साली बेळगावात ग. त्र्यं. माडखोलकरांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संमेलन भरलं आणि तिथेच संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला. १९५६ साली जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. पुढे कडोली, येळ्ळूर, उचगाव, सांबरा या गावांनी आपापली संमेलनं उभी केली. कुणाचा लेख छापायचा, कुणाला व्यासपीठावर बोलवायचं हे इथे माणसं ठरवतात. कधी चुकतात, कधी वशिलाही चालतो, पण ठरवणारा कोण ते गावाला ठाऊक असतं. पैशाचं म्हणाल तर तो जवळपास नसतोच.

‘लिहा आणि नाणी (म्हणजे क्रिप्टो, इंटरनेटवरचं डिजिटल चलन) कमवा’ हे आमंत्रण अशा मुलखातल्या मोबाइलवर आल्यावर त्याचं अप्रूप वाटणारच. ते निघालं कुठून, हे समजून घ्यायला २०१६ मध्ये जावं लागतं.

नेड स्कॉट आणि डॅन लॅरिमर यांनी मार्च २०१६ मध्ये स्टीम ही ब्लॉकचेन, म्हणजे अनेक संगणकांनी मिळून सांभाळलेल्या नोंदींची साखळी, सुरू केली. स्टीमिट हे तिच्यावरचं लिहिण्या-वाचण्याचं ठिकाण. ४ जुलै २०१६ रोजी लेखकांना पहिल्यांदा मोबदला मिळाला. योजना ऐकायला सरळ होती. साखळीवर सतत नवी नाणी तयार होतात, त्यांतला मोठा वाटा एका सामाईक निधीत पडतो आणि वाचकांच्या मतांप्रमाणे तो लेखांमध्ये वाटला जातो. जाहिरातदाराची गरज नाही, वर्गणीदाराची नाही, संपादकाचीही नाही.

मेख मतांच्या वजनात होती. इंटरनेटवर एक माणूस हजार खाती उघडू शकतो, म्हणून ‘एक खातं, एक मत’ तिथे चालत नाही. त्यावर काढलेला तोडगा असा, की ज्याची जितकी नाणी साखळीत अडकवून ठेवलेली, तितकं त्याच्या मताचं वजन. या अडकवलेल्या नाण्यांना ‘स्टीम पॉवर’ म्हणतात. इथल्या माणसाला हे सहकारी सोसायटीच्या उदाहरणाने चटकन कळेल. भारतातली पहिली सहकारी पतसंस्था १९०५ साली कणगिनहाळला निघाली. ते गाव आज गदग जिल्ह्यात आहे, तेव्हा धारवाड जिल्ह्यात आणि आपल्यासारखंच मुंबई इलाख्यात होतं. सहकाराचा मूळ नियम असा, की शेअर एक असो की शंभर, सभासदाला मत एकच. स्टीमने नेमकी उलटी वाट धरली. त्यात सुरुवातीला मोबदला मतांच्या वजनाच्या वर्गाने (वजन गुणिले वजन) मोजला जाई. दहापट नाणीवाल्याचा जोर त्यामुळे शंभरपट व्हायचा. बड्या खातेदारांना तिथे ‘व्हेल’ म्हणत, आणि व्हेलची नजर पडली तर लेखकाची चांदी, नाहीतर चार पैसे.

जून २०१७ मध्ये हा वर्गाचा नियम काढून हिशेब सरळ केला. हेतू चांगला होता, पण नवीनच दुखणं जडलं. पूर्ण जोराचं एक मत दिलं की खात्याची मतशक्ती २ टक्क्यांनी उतरते आणि दिवसाला २० टक्के भरून येते. म्हणजे रोज साधारण १० पूर्ण मतं. न वापरलेलं मत वायाच जातं. मग मोठ्या खातेदाराने काय करावं? रोज दहा लेख शोधून वाचावेत, की मतं भाड्याने द्यावीत? बहुतेकांनी दुसरं निवडलं. मतं विकणारे बॉट, म्हणजे आपोआप चालणारे प्रोग्राम, निघाले. पैसे पाठवायचे, लेखाचा दुवा द्यायचा, मत पडतं. आत मजकूर काय आहे, याच्याशी बॉटला देणंघेणं नाही. जानेवारी २०१८ मध्ये नाण्याचा भाव ७ डॉलरच्या वर गेला तेव्हा हा धंदा तेजीत होता. पहिल्या पानावर झळकणारे लेख बऱ्याच वेळा विकत घेतलेल्या मतांवर तिथे पोचलेले असत.

त्याच काळात काही माणसं मात्र खरंच वाचत होती. ‘क्युरी’ हा गट नवख्यांचे दुर्लक्षित राहिलेले चांगले लेख हुडकून त्यांना वजनदार मत मिळवून देई. ‘स्टीमक्लीनर्स’ चोरीचा मजकूर पकडत. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत मोलाचा भाग हाच. संपादक नको म्हणून निघालेल्या यंत्रणेत दोन वर्षांच्या आत संपादकाचं काम करणारी माणसं परत आली, फक्त नाव बदलून.

ऑगस्ट २०१९ मध्ये पुन्हा नियम बदलले. तोवर लेखकाला ७५ टक्के आणि मत देणाऱ्यांना २५ टक्के असा वाटा होता, तो निम्मा-निम्मा झाला. वाचून मत देण्यातच फायदा दिसला की मतविक्री थांबेल, हा तर्क. सोबत विरोधी मतांचा वेगळा कोटा दिला, म्हणजे विकत घेतलेला मोबदला खाली ओढताना स्वतःची मतशक्ती खर्च होऊ नये. बॉटांचा धंदा बसला हे खरं, पण त्याची किंमत लेखकाच्या वाट्यातून गेली.

मग २०२० उजाडलं. फेब्रुवारीत ट्रॉन या दुसऱ्या ब्लॉकचेनच्या जस्टिन सन यांनी स्टीमिट कंपनी विकत घेतली आणि तिच्याकडचा नाण्यांचा प्रचंड साठाही त्यांच्या हाती गेला. साखळी चालवणाऱ्या ‘विटनेस’ मंडळींनी तो साठा गोठवला. २ मार्चला नाण्यांची खरेदी-विक्री चालवणाऱ्या एक्स्चेंजनी सन यांच्या बाजूने ग्राहकांनी ठेवलेली नाणी मतदानाला लावून त्या विटनेसनाच हटवलं. ज्याची नाणी त्याचं राज्य, हा नियम शेवटपर्यंत नेला की काय होतं ते सगळ्यांनी पाहिलं. नाराज मंडळी फुटली आणि २० मार्चला हाइव्ह ही वेगळी साखळी सुरू झाली.

आपल्याकडे २ मार्चच्याच आठवड्यात वेगळीच घडामोड झाली. रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या परिपत्रकाने बँकांना क्रिप्टो व्यवहारांपासून लांब राहायला सांगितलं होतं. ते सर्वोच्च न्यायालयाने ४ मार्च २०२० रोजी रद्द केलं. तोवर जवळजवळ दोन वर्षं इथल्या लेखकाने नाणी कमावली तरी ती बँकखात्यात आणणं म्हणजे द्राविडी प्राणायाम होता. आता वाट मोकळी आहे, पण १ एप्रिल २०२२ पासून अशा नाण्यांच्या विक्रीवरच्या नफ्याला ३० टक्के कर लागतो.

जून २०२१ मध्ये हाइव्हने केलेला एक बदल फारसा गाजला नाही, पण वाचकाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आधी कुणी किती मिनिटांत मत दिलं यावर मत देणाऱ्याचा वाटा ठरे, आणि मिनिटं मोजण्यात बॉटाचा हात कोण धरणार? आता पहिल्या २४ तासांतली सगळी मतं वेळेच्या हिशेबात सारखीच. उद्यमबागेतल्या फाउंड्रीतून पाळी संपवून आलेल्याने रात्री लेख सावकाश वाचून मत दिलं, तरी चालतं.

त्या मताचं वजन मात्र त्याच्या नाण्यांइतकंच, आणि मराठीची खरी अडचण इथेच आहे. समजा जांबोटीच्या एका शिक्षकाने भाताच्या लागवडीवर सुरेख लेख लिहिला. तो वाचू शकणाऱ्यांकडे नाणी नाहीत, आणि नाणी असलेल्यांना मराठी येत नाही. कोरियन लेखकांचं स्टीमवर बस्तान बसलं, कारण नाणी राखून असलेले वाचक त्यांच्याच भाषेत होते. मतशक्ती उसनी देण्याची सोय साखळीवर आहे. पंचवीस जणांनी थोडी थोडी एका मंडळाच्या खात्याला दिली, तरी नाण्यांची मालकी ज्याची त्याचीच राहते आणि वाटेल तेव्हा मतशक्ती परत मागता येते. त्या खात्यावरून कुणाला मत द्यायचं हे ठरवायला मात्र मंडळात चार वाचणारी माणसं बसवावी लागतील, आणि त्यांच्यावरही वशिल्याचा आरोप होणारच.