पीयूसीच्या कागदावर नसलेला वायू

परवा कर्वे रस्त्यावर पीयूसी काढली. पोराने सायलेन्सरमध्ये नळी खुपसली, नंबर प्लेटचा फोटो घेतला, कागद हातात. मागे उभे असलेले काका म्हणाले, "झालं, गाडी शुद्ध!"

काका, पेट्रोल गाडीच्या त्या कागदावर कार्बन मोनॉक्साइड, हायड्रोकार्बन आणि लॅम्ब्डा (हवा-पेट्रोलच्या मिश्रणाचं प्रमाण सांगणारा आकडा) असतं, बस्स. बीएस-६ ची, म्हणजे गाड्यांच्या धुराच्या सरकारी निकषांची, प्रयोगशाळेतली चाचणी बरीच कडक, पण फॉर्माल्डिहाइड, नायट्रस ऑक्साइड, अमोनिया यांना कारसाठी तिच्यातही वेगळी मर्यादा नाही.

यातला अमोनिया माझा लाडका. सार्वजनिक मुतारीत नाकाला झोंबतो, तोच. गंमत अशी की तो इंजिनात जवळपास होतच नाही. होतो धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये. सिग्नल सुटला, आपण पाय दाबला, की मिश्रणात पेट्रोल जरा जास्त पडतं. मग कार्बन मोनॉक्साइड आणि वाफेतून हायड्रोजन सुटतो, आणि नायट्रिक ऑक्साइडचा निव्वळ नायट्रोजन व्हायच्या जागी थोडा अमोनिया होऊन बसतो. हवेत नायट्रिक आम्ल भेटलं की त्याचे अमोनियम नायट्रेटचे कण बनतात, म्हणजे पीएम २.५, अडीच मायक्रॉनपेक्षा बारीक धूळ. थंडीत हे कण जास्त टिकतात. (इंधनाच्या नळीला चुंबक बांधून 'शून्य प्रदूषण' विकणाऱ्यांनी यातलं काय थांबतं ते सांगावं.)

मोजायला हा वायू महाखट. पाण्यात झटकन विरघळतो, नळीच्या भिंतींना चिकटतो. म्हणून नमुन्याची नळी शंभर अंशांच्या वर तापवून ठेवतात, नाहीतर आकडा उशिरा येतो आणि कमी येतो.

नमुना यंत्रात पोचला की पुढे मोजायचं काम अवरक्त (इन्फ्रारेड) किरणांचं. अमोनियाचा रेणू छत्रीसारखा: वर नायट्रोजन, खाली तीन हायड्रोजन. लकडी पुलावरच्या वाऱ्यात छत्री उलटी व्हायला बघते ना, तशी ही छत्री सतत उघडमीट करते, आणि त्या कंपनाला जुळणारे, साधारण १० मायक्रॉन लांबीचे किरण गिळते. हे गिळणं मोजणाऱ्या एफटीआयआर (फूरिये ट्रान्सफॉर्म इन्फ्रारेड) यंत्रात किरणाचे दोन भाग करतात. एक स्थिर आरशावरून, दुसरा सरकत्या आरशावरून परततो. दोघे भेटले की कधी एकमेकांना वाढवतात, कधी खोडतात. या चढउतारांवर फूरियेचं गणित चालवलं की कुठल्या लांबीचा किरण किती गिळला ते उलगडतं. वाफेच्या रेषा मध्येच लुडबुडतात, त्या वजा कराव्या लागतात.

प्रयोगशाळेत गाडी जागच्या जागी रोलरवर पळत असते, आकडा सेकंदासेकंदाला येतो. आलेख बराच वेळ तळाशी सपाट. वेग घेतला की टोक वर.