गोवराला सीमा कळत नाही
दाराला कडुलिंबाचा डहाळा दिसला की आत मूल गोवराने पडलंय, हे खानापूर-चंदगड भागातल्या जुन्या माणसांना सांगावं लागत नसे. त्या घरात जायचं नाही, ही रीत शहाणपणाचीच. पण पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून मूल रोग पसरवत असतं. डहाळा लागेपर्यंत गल्लीतली पोरं त्याच्याशी खेळून गेलेली असत.

लस नसेल तर एका रुग्णापासून १२ ते १८ जणांना लागण होते. मोठ्या शहरात रोज मुलं जन्मतात, म्हणून तिथं गोवर मुक्काम ठोकतो. लहान गावात तो सगळ्यांना गाठून विझतो. पुढे चार-सहा वर्षांत नवी पोरं जमतात आणि ठिणगी बाहेरून येते. उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर १८४६ साली तो ६५ वर्षांनी परतला, तेव्हा सुमारे ७,८०० वस्तीतले ६,००० जण आजारी पडले. १७८१ च्या साथीतून उठलेल्या म्हाताऱ्यांना मात्र तो पुन्हा झाला नाही.

बेळगावच्या सीमाभागात ही ठिणगी पडायला निमित्त लागत नाही. माघात चिंचलीच्या मायाक्काला, सौंदत्तीच्या यल्लम्माला महाराष्ट्रातून माणसं लोटतात. ऊसतोडीचा हंगामही त्याच दिवसांत, आणि गोवराचा जोरही हिवाळा सरता सरताच.

देशाच्या लसीकरण कार्यक्रमात गोवराची लस १९८५ साली आली, दुसरा डोस २०१० पासून. गोवर-रुबेलाची मोठी मोहीम, ९ महिने ते १५ वर्षांच्या मुलांसाठी, कर्नाटकात फेब्रुवारी २०१७ मध्ये निघाली. महाराष्ट्रात नोव्हेंबर २०१८ मध्ये. म्हणजे निपाणीतलं पोर टोचून मोकळं आणि शेजारच्या कागलातलं त्याचं मामेभावंड पावणेदोन वर्षं वाट पाहत. मला ही गोष्ट फार लागते.

त्यात पहिलं बाळंतपण माहेरी. नाव एका राज्यात नोंदलेलं, नवव्या महिन्याचा डोस तिथंच. सोळाव्या महिन्यानंतरचा सासरी घ्यायचा. हातातलं ‘तायी कार्ड’, म्हणजे कर्नाटकात आईला मिळणारं माय-लेकराच्या नोंदींचं कार्ड, कन्नडमध्ये; पलीकडच्या आशाताईला ते वाचता येईलच असं नाही. असा दुसरा डोस सहज राहून जातो.

गोवर रोखायला १०० पैकी ९५ मुलांना दोन्ही डोस मिळायला हवेत. तालुक्याचा आकडा तिथवर पोचला, तरी कारखान्याजवळच्या खोपटांत लस न मिळालेली दहा पोरं एकाच पालाखाली झोपत असतील, तर गोवराला तेवढी पुरतात.