वापरलेल्या ट्रिटियम स्कोपचे वय : पार्श्वभूमी

रायफलचा वापरलेला स्कोप, म्हणजे नेम धरण्याची दुर्बीण, घेताना काचांवरचे ओरखडे, नळीला आलेले पोचे आणि नेम जुळवण्याच्या चकत्यांचा खटका कोणीही जाणकार तपासतो. मात्र ज्या स्कोपचे रेटिकल (आत दिसणारी नेमाची खूण) बॅटरीशिवाय आपोआप उजळते, त्याच्या बाबतीत या सगळ्याच्या आधी एक तारीख विचारावी लागते, आणि ती म्हणजे आतली ट्रिटियम या किरणोत्सारी वायूची नळी केव्हा भरली गेली. ‘फारसा वापरलेला नाही, कपाटातच पडून होता’ असे विक्रेता कौतुकाने सांगतो तेव्हा ते काचांच्या दृष्टीने खरे असेलही, पण उजेडाच्या दृष्टीने त्याला काही अर्थ नाही, कारण स्कोप कपाटात असो वा रानात, तो उजेड सारख्याच गतीने कमी होतो. या विचित्र अटीचे मूळ शंभर वर्षांपूर्वीच्या घड्याळांच्या तबकड्यांपर्यंत जाते.

अंधारात चमकणाऱ्या कोणत्याही वस्तूला रेडियम म्हणण्याची आपल्याकडे सवय आहे. गाडीच्या नंबरप्लेटवर चिकटवण्याच्या, दिव्याचा प्रकाश नुसता परत फेकणाऱ्या पट्टीलाही रेडियमच म्हणतात, आणि तिच्यात त्या धातूचा कणही नसतो. खरे रेडियम मेरी आणि पिएर क्युरी यांनी १८९८ मध्ये शोधले. पुढे त्याचे क्षार झिंक सल्फाइडमध्ये मिसळून केलेला रंग घड्याळे, होकायंत्रे आणि विमानांतील उपकरणे यांवर सर्रास लावला गेला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातल्या ऑरेंज गावी तबकड्या रंगवणाऱ्या मुली कुंचल्याचे टोक ओठांनी टोकदार करीत, त्यातून रेडियम त्यांच्या हाडांत जाऊन बसले, आणि त्यांच्यापैकी पाच जणींनी लढवलेला खटला १९२८ मध्ये तडजोडीने मिटला, तोपर्यंत अनेकींचे जबडे आणि आयुष्ये गेली होती. रेडियमचे अर्धआयुष्य, म्हणजे किरणोत्सार निम्मा व्हायला लागणारा काळ, सुमारे १,६०० वर्षांचे, पण त्याच्या माऱ्याने प्रत्यक्ष चमकणारे झिंक सल्फाइड मात्र काही वर्षांतच निकामी होते. म्हणून महायुद्धकालीन उपकरण विझलेले दिसले तरी त्याचा किरणोत्सार जवळपास जसाच्या तसा असतो.

ट्रिटियमचे गणित याच्या उलटे आहे. हायड्रोजनचे हे जड रूप १९३४ मध्ये केंब्रिजमध्ये रदरफर्ड, ऑलिफंट आणि हार्टेक यांनी प्रथम तयार केले. त्याचे अर्धआयुष्य १२.३ वर्षांचे असून त्यातून निघणारे बीटा कण इतके दुबळे असतात की काचेची पातळ भिंत किंवा माणसाची त्वचाही त्यांना अडवते. आतून फॉस्फरचा (किरणांच्या माऱ्याने चमकणाऱ्या पदार्थाचा) लेप दिलेल्या बारीक काचनळीत हा वायू भरून तोंड बंद केले की तारा, बटण, बॅटरी यांपैकी काहीही नसलेला दिवा तयार होतो. नळी फुटलीच तर वायू हवेत विरून जातो आणि दिवा विझतो. खोली मोकळ्या हवेवर ठेवावी आणि स्कोप उघडण्याच्या फंदात पडू नये, एवढी काळजी मात्र घ्यावी.

सैन्याला हा दिवा सोयीचा वाटला, यात नवल नाही. त्या काळातील बॅटऱ्या थंडीत दगा देत आणि नेमक्या वेळी संपत. ब्रिटिश सैन्याने एसएलआर रायफलवर बसवण्यासाठी सूट ही चौपट मोठे दाखवणारी दुर्बीण वापरात आणली. तिच्यात नेमाचा काटा वरून खाली लोंबत असे आणि त्याच्या टोकाला ट्रिटियमचा उजेड मिळे. १९८० च्या दशकात एसए८० रायफलबरोबर सुसॅट आली, तिच्यात हा काटा खालून वर उभा राहिला. अफगाणिस्तानातील मोहिमेच्या काळात ब्रिटिशांनी सुसॅटच्या जागी नवे स्कोप घेतले आणि जुन्या सुसॅट हळूहळू लष्करी भंगाराच्या बाजारात उतरल्या. आज त्या मजबूत धातूच्या आणि उत्तम काचांच्या मिळतात, पण त्यांच्यातील मूळ नळीचे वय पाहता काट्याचे टोक अनेकदा फक्त राखाडी उरलेले असते.

अमेरिकेतील वाट थोडी वेगळी होती. मिशिगनमध्ये ग्लिन बिंडन यांनी १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेची आर्मसन ही ट्रिटियमची साइट (नेम धरण्याचे साधन) आयात करण्यापासून सुरुवात केली. त्यांची कंपनी पुढे ट्रिजिकॉन नावाने ओळखली जाऊ लागली आणि १९८७ मध्ये तिने अ‍ॅकॉग हा स्कोप बाजारात आणला. पहिल्या प्रकारात क्रॉसहेअर, म्हणजे नेमाची फुली, दिवसा काळी दिसे आणि रात्री ट्रिटियमने उजळे. नंतरच्या प्रकारांत स्कोपच्या पाठीवर फायबर ऑप्टिकची लांब पट्टी आली, जी दिवसाचा उजेड गोळा करून रेटिकलला देते आणि अंधारात ट्रिटियमला जागा मोकळी करते. भर उन्हात रेटिकल इतके भगभगते की वापरणारे त्या पट्टीवर काळी चिकटपट्टी लावून उजेड कमी करतात. तिचा डिंक शिल्लक असेल तर स्कोप खरोखर वापरातला होता, असे समजावे.

विक्रेत्यांच्या छायाचित्रांत गोंधळ होतो तो याच पट्टीमुळे. उन्हात लालभडक दिसणारे रेटिकल फायबरची तब्येत सांगते, ट्रिटियमची नव्हे; आणि रात्री कॅमेऱ्याची झडप काही सेकंद उघडी ठेवून काढलेल्या चित्रात मरणासन्न नळीही झगमगते. नियम साधा आहे : १२ वर्षांनी उजेड निम्मा, २० वर्षांनी सुमारे एक-तृतीयांश, २५ वर्षांनी जेमतेम एक-चतुर्थांश, आणि फॉस्फरची झीज धरली तर त्याहूनही कमी. डोळ्याला मात्र निम्मा उजेड निम्मा वाटत नाही, त्यामुळे दहा-बारा वर्षांचा स्कोप अजून कामाचा असतो. पारख करायची तर खोली पूर्ण अंधारी करून वीस मिनिटे बसावे आणि मगच डोळा लावावा.

अ‍ॅकॉगच्या वयाचा एक अनपेक्षित दाखला त्याच्या अंगावरच कोरलेला असे. मॉडेल क्रमांकाच्या शेवटी जेएन ८:१२ अशी अक्षरे असत, म्हणजे बायबलमधील ‘जगाचा प्रकाश’ या वचनाचा निर्देश. जानेवारी २०१० मध्ये यावरून गदारोळ झाल्यावर कंपनीने लष्करी पुरवठ्यातून ती काढली. दिवे बनवणाऱ्याला प्रकाशाचे वचन सुचावे हे समजण्यासारखे आहे, पण सरकारी शस्त्रावर ते कोरणे गैरच होते.

भारतातील वाचकाला हा बाजार बहुतांशी दुरूनच पाहावा लागतो. वापरलेल्या वस्तूंची आयात परवान्याशिवाय होत नाही, आणि ट्रिटियम असल्यामुळे प्रकरण अणुऊर्जेविषयीचा कायदा आणि मुंबईतील अणुशक्तीनगर येथील अणुऊर्जा नियामक मंडळापर्यंत पोहोचते. तरीही हे तंत्र आपल्याला परके नाही : वाशी येथील ब्रिट ही अणुऊर्जा विभागाची संस्था संरक्षण दलांसाठी ट्रिटियमभरित दिवे पुरवत आली आहे. परदेशात राहून असा स्कोप घेणाऱ्याने नळी बदलून मिळते का, हे आधी उत्पादकाकडे विचारावे, कारण हे काम परवानाधारकच करू शकतो आणि दुरुस्तीसाठी स्कोप सीमेपलीकडे पाठवायचा तर शस्त्रनिर्यातीचे नियम आडवे येतात. नळी बदललेली असेल तर जुन्या अनुक्रमांकावरून काढलेले वय चुकते. अशा स्कोपसोबत दुरुस्तीची पावती मागावी, आणि नळीचे वय त्या पावतीच्या तारखेपासून मोजावे.